राणीची ट्रंक

कावेरीला पतिव्रता म्हणणाऱ्यांचा मला भारी राग येतो. मी तिची शेजारीण, सुभद्रा. चार महिने बघतेय. म्हणणारे पुष्कळ, मदतीला हात लावणारा एक नाही.

तिचा नवरा सदानंद दशावतारात राणीचं काम करायचा. राजा जिला रानात झोपलेली टाकून जातो, ती राणी. राजा व्हायचा कंपनीचा मालक गंगाराम. सदानंदाचा विलाप सुरू झाला की धामापूरपासून मसुऱ्यापर्यंतच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. गणपतीनंतर त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आठवड्यातून दोनदा व्यायामाला मालवणला आणा, नाहीतर हातपाय कायमचे गेले समजा. पण घर टेकाडावर. रिक्षा थांबते खाली रस्त्याला आणि मध्ये चिऱ्याच्या चाळीस पायऱ्या. खुर्चीत बसवून उतरवायला चार पुरुष लागतात.

कावेरीने गंगारामला तीनदा निरोप धाडला. "सध्या जत्रांची धावपळ आसा, वैनी." आणि जत्रेत त्याच तोंडाने माइकवरून, "आमची कावेरीवैनी म्हणजे साक्षात पतिव्रता!" वर शाल-श्रीफळ. तिच्या जागी मी असते तर ती शाल तिथेच त्याच्या तोंडावर फेकली असती. कावेरीने ती घडी घालून घरी आणली आणि नवऱ्याच्या मानेखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती तिठ्यावरच्या दुकानात गेली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यांची ट्रंक उद्या सकाळी दुसऱ्या कंपनीक देतंय." ट्रंकेत राणीचा शालू, गंगावन, सगळे दागिने. शनिवारी गंगाराम त्याच साजावर नवी राणी उभी करणार होता.

सकाळी नऊच्या आत गंगाराम सहा नटांना घेऊन धापा टाकत वर हजर.

"वैनी, ह्या काय आयकतंय मी? ट्रंक खंय आसा?"

कावेरी ट्रंकेवरच बसली होती. "भावजी, ट्रंकेसाठी सात जण इलास. ह्या माणसासाठी चार म्हयन्यांत एकय नाय. लाज नाय वाटत?"

तिने खाली रस्त्याकडे बोट दाखवलं.

"ट्रंक खंय जावची नाय. खाली रिक्षा उभी आसा, धरा खुर्ची. शुक्रवारी परत येवा. साज कोणाक देवचो ता, हेंका बोलाक येऊक लागला काय हेंकाच इचारा."

गंगारामने आणि तिघा नटांनी सदानंदासकट खुर्ची उचलली. सदानंदाच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. कितीतरी महिन्यांनी तो हसला, आणि माझे डोळे भरून आले. त्याला डाव कळला होता. नाटकातली राणीसुद्धा पळालेल्या नवऱ्याला अशीच परत आणते. आपल्या दुसऱ्या स्वयंवराची खोटी दवंडी पिटते, आणि राजा धावत येतो. वीस वर्षं गंगारामच धावत यायचा.

विसाव्या पायरीवर ते त्याच्याही ध्यानात आलं. तो लालबुंद होऊन जागीच उभा राहिला.

"थांबलास कित्याक, भावजी?" कावेरी वरून ओरडली. "उतरा!"