धक्क्यावरचं गोडं पाणी

"नळाखाली धर तो हात!" स्टूरेची बायको गुनवोर खोपीच्या दारातून ओरडली.

"नळ कशाला? एवढा समुद्र पडलाय की समोर," म्हणत स्टूरेने रक्ताळलेला हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला.

वाम माशांच्या सापळ्याची गंजकी तार अंगठ्याशेजारी घुसली होती. स्टूरेच्या मते ती जखम म्हणण्याच्याही लायकीची नव्हती. स्वीडनच्या या दक्षिण किनाऱ्यावर वाम पकडणाऱ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध चालत आलं होतं. कापलं, खरचटलं, गळ रुतला, की हात समुद्रात बुडवायचा आणि कामाला लागायचं. स्टूरेच्या बापाने त्याला तसं शिकवलं, त्याने आपल्या मुलीला. शरद ऋतूत खोपीत वामची मेजवानी व्हायची, तेव्हा शहरातून आलेल्या पाहुण्यांना तो हे ऐकवायचा, आणि ऐकवताना त्याची मान ताठ व्हायची.

एरवी पाण्याचा गारवा थेट कोपरापर्यंत चढायचा. या ऑगस्टमध्ये मात्र पाणी कोमट होतं, विसरून राहिलेल्या चहासारखं. स्टूरेच्या ते लक्षात आलं. हात झटकून तो सापळा दुरुस्त करायला बसला.

संध्याकाळी त्याला काटा धरवेना. ताटातला बटाटा निसटून टेबलावर गेला.

"दाखव," गुनवोर म्हणाली.

"काय दाखवायचंय? सुजलाय थोडा."

तिने त्याचं मनगट धरून हात दिव्याखाली ओढला. अंगठ्यापासून दोन बोटांपर्यंत कातडी ताणून चकचकीत झाली होती, आणि तिच्यावर जांभळे, जवळजवळ काळे फोड आले होते. कपाळ तव्यासारखं तापलेलं.

"चल, गाडीत बस."

"सकाळी बघू. सकाळी सापळे..."

"स्टूरे, आजवर तुझ्याबरोबर मी वाम सोलले, धुरावले, तुझे पाहुणे जेवू घातले. उलटून बोलले का कधी?"

"रोज बोलतेस."

"मग आजही ऐक. बस गाडीत."

हॉस्पिटलात डॉक्टर शिरीन नावाची तरुण बाई होती. तिने पेनाने सुजेच्या कडेवर रेघ ओढली. थोड्या वेळाने परत येऊन पाहिलं, तर सूज रेघ ओलांडून पुढे गेली होती.

"हात कशाने कापला?"

"तारेने."

"त्यानंतर समुद्राचं पाणी लागलं का?"

स्टूरे छताकडे बघत राहिला. तापाने डोकं जड झालं होतं, तरी प्रश्नाचा रोख त्याला समजला. घरातल्या कुणाविरुद्ध तरी पोलिसांत जबानी द्यायला सांगावं, तसं त्याला वाटलं. या समुद्राने त्याला वाढवलं होतं. बापाला आणि आज्यालाही त्यानेच पोसलं होतं.

गुनवोरने तोंड उघडलं. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. पण तिची नजर त्याच्यावरून हलली नाही.

"आजोबा," डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसत म्हणाली, "माझा अंदाज बरोबर असेल तर औषध याच मिनिटाला बदलायला हवं. चुकीचा असेल तर वेगळं द्यायला हवं. तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळणार?"

"बुडवला," स्टूरे म्हणाला. "लागलं बिगलं नाही. मी मुद्दाम बुडवला. आमच्यात तसंच करतात."

डॉक्टर उठली आणि दारातूनच नर्सला औषधाचं नाव सांगत निघून गेली.

औषधाने जीव वाचला. हात मात्र सगळा वाचला नाही. सडलेला भाग काढताना अंगठ्याजवळची दोन बोटं गेली.

पट्टी बदलायला आलेल्या डॉक्टरला स्टूरेने विचारलं, "मिठाने जखम साफ होते म्हणतात ना?"

"तुमच्या समुद्रात मीठ आहेच किती?"

स्टूरेला हसू आलं. किनाऱ्यावर बटाटे उकडायचे तर या पाण्यातही वरून मीठ घालावं लागे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"या जंतूला फार खारट पाणी नको असतं," ती म्हणाली. "थोडं खारट आणि भरपूर कोमट, असं पाणी त्याला मानवतं. पूर्वी तुमचं पाणी गार असायचं, म्हणून तो असला तरी फारसा वाढत नसे. आता उन्हाळे तापायला लागलेत. तुमच्या वडिलांचं चुकलं नव्हतं, आजोबा. त्यांच्या वेळी पाणी वेगळं होतं."

हे शेवटचं वाक्य स्टूरेने घरी नेलं.

घरी दुसरीच काळजी दबा धरून बसली होती. वाम पकडायचा परवाना ज्याच्या नावावर, त्याच्यापुरताच असतो. मुलीला देता येत नाही, विकताही येत नाही. माणूस थांबला की परवाना संपला, आणि किनाऱ्याचा त्याच्या वाट्याचा पट्टाही कायमचा बंद. मत्स्यखात्याच्या माणसाने फोनवर फार सौजन्याने विचारलं, की आता काय विचार आहे?

"हात दोन आहेत मला," स्टूरे म्हणाला. "आणि शिवाय बायको आहे."

सप्टेंबरात दोघं होडीत बसली. कोपरापर्यंत रबरी मोजे चढवलेले. डाव्या हाताने गाठ मारायला स्टूरे लहान पोरासारखा झगडत होता. गुनवोर समोर बसून मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"सुटली," तो म्हणाला.

"मग परत मार. मला कुठे जायचंय?"

सापळ्यात वाम आले. फार नाहीत, पण मेजवानीपुरते आले.

ऑक्टोबरात खोपीत लांब टेबल मांडलं गेलं. भाजलेला वाम, धुरावलेला वाम, वामचं सूप, मधूनमधून चषक आणि गाणी. शेजारच्या पट्ट्यावरचा आल्गोट दुपारपासून वाम सोलायला आला होता. सोलता सोलता सुरी निसटून त्याच्या तळव्यावर चीर पडली होती. तळव्याभोवती फडकं गुंडाळून त्याने चषक उचलला.

"लेका स्टूरे, खरं सांग," तो मोठ्याने म्हणाला. "हॉस्पिटलातलाच जंतू तो. तिथे काय काय फिरत असतं! आपला समुद्र असा नाही. आयुष्य काढलं आपण त्यात."

टेबलावर माना डोलल्या. शहरातले पाहुणे स्टूरेकडे बघू लागले. नुसतं 'असेल' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बापाचं औषध शाबूत राहिलं असतं, किनाऱ्याचं नाव राहिलं असतं, आणि पुढचं गाणं सुरू झालं असतं.

स्टूरे उभा राहिला. उजवा हात तो एरवी टेबलाखाली ठेवायचा. आज त्याने तो दिव्याच्या उजेडात टेबलावर ठेवला.

"समुद्रच होता," तो म्हणाला. "हॉस्पिटलात जायच्या आधी घरीच हात काळा पडला होता. त्यात समुद्राने घातलं ते घातलं. माझ्याच समुद्राने."

"म्हणजे आता समुद्राला शिव्या द्यायच्या?" आल्गोट चिडला. "तुझा बाप ऐकता तर..."

"माझ्या बापाला पाणी कळायचं. आज असता तर हात घालून त्यानेच आधी सांगितलं असतं, की हे ते पाणी नाही. माझ्या हाताला ते कोमट लागलं, तरी मी गप्प बसलो." तो थांबला. "शिव्या कोण देतंय? उद्या सकाळी मी परत त्यातच जाणार आहे. पण कापलेला हात त्यात घालायचा नाही. कुणीच नाही. धक्क्यावर गोडं पाणी ठेवलंय."

मग गुनवोरने सुपाचं पातेलं आणून त्याच्यासमोर आदळलं आणि म्हणाली, "वाढ आता. भाषण झालं असेल तर." टेबल हसलं. आल्गोट हसला नाही, पण त्याने वाडगा पुढे केला.

धक्क्याच्या टोकाला झाकणाचं एक पिंप होतं. रोज सकाळी स्टूरे ते नळाच्या पाण्याने भरायचा, एकेक बादली, डाव्या हाताने. शेजारच्या खांबावर ओगराळं टांगलेलं असे. डाव्या हाताला सोपं पडावं म्हणून त्याने खिळा खांबाच्या डाव्या बाजूला ठोकला होता.

मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी तो बादली घेऊन गेला, तेव्हा पिंपाचं झाकण तिरकं बसलं होतं. पाणी जरा उतरलं होतं. ओगराळं ओलं होतं, आणि खांबाच्या उजव्या बाजूला एका जुन्या, वाकड्या खिळ्यावर लटकत होतं. फळ्यांवर पाण्याचे थेंब आल्गोटच्या होडीपर्यंत गेले होते.

होडीत आल्गोट पाठ करून सापळे लावत बसला होता. तो वळला नाही. स्टूरेनेही हाक मारली नाही.

त्याने बादली पिंपात ओतली, झाकण नीट बसवलं. ओगराळं काढून परत डाव्या बाजूला लावायला हात उचलला, पण मग त्याने ते तिथेच राहू दिलं.