रॅमची उघडी खिट्टी

आमच्या गावात स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडणारी पहिली मुलगी मी. हे मी कुणी न विचारताही सांगायचे. दहावीच्या वर्गात, किन्हवलीच्या एसटी थांब्यावर, अगदी दळणाच्या रांगेतसुद्धा. सुटे भाग आसनगावच्या सूरजदादाने, माझ्या मावसभावाने, मिळवून दिले. पण मदरबोर्ड बसवला, पंखे लावले, वायरी जोडल्या त्या मी. पहिल्यांदा स्क्रीन उजळली तेव्हा मी घरभर नाचले होते.

म्हणून दसऱ्याला आईने त्याचीही पूजा केली. विळे, कोयता, बाबांची मोटरसायकल आणि शेवटी माझा कॉम्प्युटर. कॅबिनेटवर हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि वरून अक्षता. पूजेला तो चकाचक दिसावा म्हणून सकाळी मीच तो उघडून, रॅमची पट्टी काढून, आतली धूळ पुसली होती. तेवढ्यात मैत्रिणीने बाहेरून हाक मारली, म्हणून पट्टी घाईघाईत परत बसवली आणि पळाले.

संध्याकाळी आळीतल्या बायका सोनं द्यायला आल्या. सकुबाई काकी, बाईजा मावशी, रंजिता वहिनी. आईने त्यांना हौसेने बसवलं आणि मला म्हणाली, दाखव यांना. मी ऐटीत बटण दाबलं. दिवा लागला, पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळी. पुन्हा दाबलं. तेच.

रंजिता वहिनी हसू दाबत म्हणाली, "यालाबी दसऱ्याची सुट्टी हाय काय गो?"

माझे कान तापले. झाकण उघडलं, तर तळाशी तांदळाचे दाणे. कॅबिनेटच्या वरच्या जाळीतून आत पडलेले.

"आई, तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस? बिघडवलंस ना!"

हे मी सगळ्यांसमोर बोलले. आई पुढे झाली. पदराच्या टोकाने कॅबिनेटवरचं कुंकू पुसायला लागली. ते निघेना, नुसतंच पसरत गेलं. बायका सोनं देऊन लवकर उठल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि तपासायला बसले. प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला. मॉनिटरची वायर काढून परत घातली. एकेक दाणा चिमट्याने वेचला. स्क्रीन काळीच. सूरजदादाला फोन केला, तर त्याने आधी हेच विचारलं की रॅम नीट बसलीय का. मी म्हटलं, बघितली. बघितली नव्हती. ती तर मी बसवलेली, त्यात काय बघायचं?

रविवारी सकाळी, तपासायला दुसरं काही उरलंच नाही, म्हणून बघितली. पट्टीच्या एका टोकाची खिट्टी लागलेली होती, दुसऱ्या टोकाची उघडी. अंगठ्याने दाबलं. कट् आवाज आला. बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली.

नाचावंसं वाटलं नाही. बाबा आईचा डबा घेऊन निघाले होते, त्यांनी दारातूनच विचारलं, काय झालं होतं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तांदूळ अडकले होते."

आई त्या दिवशी सकुबाई काकीच्या शेतावर भात कापायला गेली होती. बाबा तासाभराने परत आले ते खुशीतच. म्हणाले, तुझ्या आयने सगळ्या बायकांना सांगितलं, पोरीने बरोबर शोधून काढलं, मीच अडाणी, यापुढं त्याला हात नाय लावायची.

मला संध्याकाळी सांगता आलं असतं. चुलीपाशी, हळूच, दोघीच असताना. मी तसं ठरवूनही टाकलं होतं. पण दसऱ्याला तिला टाकून बोलले होते तेव्हा मी दोघीच असण्याची वाट बघितली नव्हती. मग तशीच चपला घालून निघाले.

शेतात चौघी ओळीने वाकून कापत होत्या. मी बांधावर उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"तांदळाने काही झालं नव्हतं. आतली एक पट्टी मी नीट बसवली नव्हती. चूक माझी होती. आणि मघाशी बाबांना सांगितलं तेही खोटं."

विळे थांबले. बाईजा मावशी आईकडे बघायला लागली. सकुबाई काकी कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आमाला काय सांगतेस? आमी रुसलोय का तुझ्यावर?"

मी आईकडे वळले. तिने विचारलं, "कवा कळलं तुला?"

"सकाळी."

"बाबा डबा घेऊन निघाले, त्याच्या आधी?"

"हो."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मीच मान खाली घातली. मग ती पुन्हा वाकली, एक मूठ कापली आणि म्हणाली, ऊन लागंल, घरी जा.

मी गेले नाही. कापलेल्या मुठी गोळा करत तिच्या मागे मागे राहिले. दुपारी सगळ्या आंब्याखाली पाणी प्यायला बसल्या. आईने तांब्या आधी बाईजा मावशीला दिला, मग काकीला, मग वहिनीला, मग स्वतः प्यायली. तळाशी थोडं उरलं होतं. तांब्या तिने माझ्याकडे न बघताच माझ्या बाजूला सरकवला. मी घेतला.