प्रुइटचा पाय

लोरेटा बॅस्कमने खुर्ची ओढली, बसली आणि आधी कोच व्हर्न टिलमनच्या ऑफिसातल्या भिंतीकडे पाहिलं. खिळे जागेवर होते. फोटोंच्या फ्रेमा नव्हत्या.

"रंग देणार आहेत," टिलमन म्हणाला. "तू तुझ्या यादीचं बोल. पहिला कोण?"

"तेच ठरवायला आलेय."

"केन्यन प्रुइट. डोळे मिटून लिही. अख्ख्या लीगमध्ये गार्डच्या जागी त्याच्या तोडीचा खेळाडू नाही."

लोरेटाने पेनाचं टोपणही काढलं नाही. इंडियाना राज्यातल्या या छोट्या कॉलेजांच्या बास्केटबॉलवर ती केस काळे होते तेव्हापासून लिहीत होती. दर ऑक्टोबरला, हंगामाच्या तोंडावर, तिची सर्वोत्तम दहा खेळाडूंची यादी छापून यायची. आणि अलीकडे दर वसंतात मोठी विद्यापीठं तीच यादी हातात धरून, बाजाराला निघाल्यासारखी यायची आणि वरची नावं उचलून न्यायची. त्यांच्या भाषेत याला संधी म्हणतात. म्हणून इथले कोच आता चांगला पोरगा लपवत. विचारलं तर 'बराय, शिकतोय अजून' असं पुटपुटत. स्वतःहून पहिला नंबर मागणारा कोच तिला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता.

"व्हर्न, तुझ्या संघातल्या डॅन्टेला पहिला नंबर दिला तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतास तू."

"माणूस सुधारतो की नाही?"

"तू?"

तो हसला. जरा जास्तच मोठ्याने.

ती खाली मैदानावर आली तेव्हा सराव चालू होता. केन्यन प्रुइट बाकावर बसला होता, डाव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून. याबद्दल टिलमन एक अक्षर बोलला नव्हता. अस्सं, लोरेटाच्या मनात आलं. माल फुटका आणि हा काचेत मांडतोय. तिकिटं खपवायची असतील.

केन्यन पाणी प्यायला उठला. लंगडत गेला. ती मागोमाग गेली.

"बर्फ डाव्या पायाला आणि लंगडतोस उजव्याने. नाटक करायचं तर नीट तरी कर रे."

त्याने पटकन दाराकडे पाहिलं. "मॅडम, हळू."

"कोचने सांगितलं?"

"कोच? ते सकाळपासून बोंबलतायत, ऊठ म्हणून." त्याने घोट घेतला. "ते वसंतात जाणार आहेत. मोठ्या युनिव्हर्सिटीत. मला घेऊन आले तरच त्यांना तिथे नोकरी. मी यादीत वर पाहिजे, तर तिथले लोक मला घेणार."

"मग नाही म्हण."

"काकांना काय सांगू? त्यांनी वाढवलंय मला. त्यांनी न्हाव्याच्या दुकानात सगळ्यांना सांगूनही टाकलंय, पोरगा टीव्हीवर दिसणार म्हणून." तो भिंतीला टेकला. "तिथे माझी नर्सिंगची तीन वर्षं धरत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून. डॅन्टेला विचारा ना. वर्षभर बाकावर बसला, डिग्री गेली, आता गोदामात खोकी उचलतो. वसंतानंतर इथे माझं एकच वर्ष उरतं. वॉर्डातली पेशंट मिसेस ग्रूबर माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. नर्सच्या हाताला चावते."

"आणि तुला?"

"मला फक्त शिव्या देते."

लोरेटाला हसू आलं. तिने ते दाबलं. हाही पोरगा आपल्याला खेळवत असेल, तर झकास खेळवतोय.

"तुम्ही लिहा ना, गुडघा गेला म्हणून," तो म्हणाला. "मोडका पोरगा कुणी नेत नाही."

"मी खोटं लिहीत नाही."

"डॅन्टेबद्दल सगळं खरंच लिहिलं होतं तुम्ही."

तिने टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि निघाली.

गुरुवारच्या अंकात प्रुइट सहावा होता. खाली दोन ओळी: 'चांगला गार्ड. या आठवड्यात सरावाच्या वेळी गुडघ्याला बर्फ बांधून लंगडताना दिसला.'

दुपार व्हायच्या आत टिलमनचा फोन आला.

"पाय ठणठणीत आहे त्याचा! कुणी सांगितलं तुला?"

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"सोंग आणतोय तो! दुरुस्ती छाप!"

"छापते की. 'कोच म्हणतात, पाय ठणठणीत.' आणि त्याच्याखाली, 'कोच म्हणतात, पुढच्या हंगामात मी इथेच आहे.' छापू दोन्ही?"

पलीकडे टेबलावर काहीतरी आपटलं.

"कुठला रंग देतोयस भिंतीला, व्हर्न?"

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तिला फोटोसाठी पुन्हा तिथे जावं लागलं. ती दारापाशी पोचली, तेव्हा वरच्या मजल्यावरून कुणीतरी जिना उतरत होतं. दोन-दोन पायऱ्या गाळत, धाडधाड, शीळ घालत.

लोरेटा जागीच थांबली. मग वर न पाहता वळली, इमारतीला वळसा घातला आणि बॉयलरकडच्या दाराने आत गेली.