कपड्यांसकट

समुद्रकाठचं हे तिसरं गाव. पहिल्या गावात खताच्या कारखान्याचा वास, म्हणून हेंदाने नाक मुरडलं होतं. दुसऱ्यात हॉटेलं आणि दिवसाढवळ्या पिऊन लोळणारे पाहुणे. लुत्फी मास्तरला बदलीचं गाव या आठवड्यात कळवायचं होतं आणि बायकोच्या नाकापुढे त्याचं काही चालत नव्हतं. पण हे तिसरं, सीदी मर्झूग, तिलाही आवडलं. शाळा हाकेच्या अंतरावर, उथळ किनारा, पांढरंशुभ्र घर. कसरीनच्या डोंगरात दोन पोरं सांभाळत पाणी भरणाऱ्या बाईला आणखी काय हवं?

"बघ, चौकात एक टवाळ दिसतो का," लुत्फी खुशीत म्हणाला. "मोटारसायकलींचा धिंगाणा नाही. पोरांना वळण लागेल इथं."

खरंच दिसत नव्हता. कॉफीच्या दुकानात म्हातारे पत्ते कुटत होते, दारोदारी लहान मुलं खेळत होती. पण सोळा-सतराचा, वीस-बाविसाचा एकही पोरगा नजरेला पडेना. हेंदाच्या मनात पाल चुकचुकली. तिने ती झटकली, कारण तिला हे घर हवं होतं.

घरमालकीण मबरूका मावशी मोजकंच बोलणारी. वरच्या खोल्या दाखवताना म्हणाली, "ही थोरल्याची. इटलीत असतो." दुसऱ्या खोलीचं दार तिने नुसतंच उघडलं आणि लावून घेतलं.

खाली मावशीच्या दिराशी लुत्फीचं बोलणं सुरू झालं. धाकटा नुह बापाच्या मांडीवर पेंगत होता. पाच वर्षांचा अयहम मात्र कधीच पसार झालेला, म्हणून हेंदा त्याला शोधत किनाऱ्यावर उतरली.

थंडीचे दिवस, अंगाला झोंबणारा वारा. कमरेइतक्या पाण्यात काही मुलं उभी होती, अंगात स्वेटर, जाकिटं, विजारी. बूट नाड्यांनी गळ्यात बांधलेले. एक दणकट बाई ओरडत होती, "तोंड मीट! हात आपटू नकोस, नुसता तरंग!" एकही मूल खिदळत नव्हतं. त्या घोळक्यात तांबड्या स्वेटरसकट अयहम होता.

"अगं बाई, पोरांचे कपडे तरी काढायचे!" हेंदा ओरडली.

"त्या दिवशी कोण कपडे काढत बसतं?"

"कुठल्या दिवशी?"

बाईने हनुवटीनेच समुद्र दाखवला. "इटलीला जायला चोरून नावेत बसतील त्या दिवशी. मिसरूड फुटलं की ऐकतात कुणाचं? जायचे ते जाणारच. निदान बुडू तरी नयेत." मग कौतुकाने म्हणाली, "तुझा धीट आहे हं. लवकर शिकेल."

लेकराला काखोटीला मारून हेंदा घराकडे धावत सुटली.

आत लुत्फी आणि म्हातारा दीर समोरासमोर बसले होते, तळवे उघडे धरून. फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, दोघांनी वाचली की भाड्याचा सौदा पक्का, मग माघार घेणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही. लुत्फीचे ओठ हललेही होते. हेंदाने त्याचे हात धरून खाली दाबले. फातिहा अशी कुणी अडवतं का? म्हातारा बघतच राहिला.

"नको हे गाव," तिला धाप लागली होती. "इथं पोरांना पळून जायला शिकवतात! आपलं कसरीन बरं. तिथं समुद्रच नाही."

मबरूका मावशीने टॉवेल आणला आणि अयहमचं डोकं पुसू लागली. "कसरीनची पोरं येतात की इथं. नावेसाठी अंधार पडेपर्यंत त्या भिंतीआड बसून असतात. समुद्र पहिल्यांदाच बघतात बिचारी."

"मी माझ्याला बांधून ठेवीन!"

"मीही ठेवला होता, पोरी. धाकट्याला घोट्याइतक्या पाण्यातसुद्धा जाऊ दिलं नाही. नाव इथंच उलटली, किनाऱ्याजवळ. बाकीचे पोहत परत आले."

अयहम कुडकुडत होता. हेंदा त्याच्या स्वेटरचं पाणी पिळत राहिली आणि तिला रडू आवरेना. या गावाचा, त्या दणकट बाईचा, सगळ्यांचा तिला मनस्वी संताप आला होता.

मग तिने लुत्फीचे हात आपल्या हातांनी वर उचलले आणि तळवे उघडले.

"वाच," ती म्हणाली.