तीस रुपयांचं ताट

भूपाल चौगुले पहाटेच्या एसटीनं मुलीच्या लग्नाला आजऱ्याला गेला, आणि दुपारी बाराला इचलकरंजीत, गोदाक्काच्या खानावळीत, आपल्या नेहमीच्या जागेवर बसलेला होता. डोक्याला फेटा होता, मुठीत अक्षता होत्या. गोदाक्कानं त्याच्या ताटात आमटी वाढली. आमटी गरम होती आणि माणूस समोर होता, तेव्हा वाढणं भागच होतं.

"मंगलाष्टकं चालली होती," भूपाल म्हणाला. "तिसरं संपलं आणि हितं आलो."

"भात घ्या."

"खाड्याचं सांगितलं होतं की ओ अक्का."

सांगितलं होतं खरं. जेवायला येणार नसाल तर आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे त्या जेवणाचे पैसे धरत नाहीत. त्याला खाडा म्हणतात, आणि गावोगावच्या खानावळी त्यावरच चालतात. गोदाक्काचीही चालायची. मग समोर दुसरी खानावळ उघडली आणि हिची पंगत बघता बघता ओस पडली. उरलेल्या भाकऱ्या शेजारच्या म्हशीला घालून घालून ती कंटाळली. म्हैस तेवढी अंगानं भरली. शेवटी तिनं दाराशी एक फळा टेकवला आणि रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असं त्यावर लिहिलं: भरपेट ताट, फक्त तीस रुपये. तळाशी, काठाला चिकटून, मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी लिहिलं: वीस वर्षं जेवणाऱ्यास. खाडा नाही. पहिला घास घेतला की कबूल. मग फळ्यापुढं कांद्याचं पोतं ठेवलं. कांदा कुठंतरी ठेवायचाच होता.

माणसं आली. एक माणूस वाढला की खोली हातभर लांबायची, त्यामुळं जागेची अडचण कधी झाली नाही. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, मला त्यानं भिंत ताणून दिलं, असं गोदाक्का हसून सांगायची. आता पंगतीच्या पार टोकाला बसलेला माणूस तिला बोटाएवढा दिसे.

"कुठं लिवलंय खाडा नाही म्हणून?" भूपालनं विचारलं.

तिनं पोतं सरकवलं. तो उठून फळ्यापाशी उकिडवा बसला. फेट्याचा शेमला जमिनीला लागला.

"लई बारीक लिवलंय."

"लिवलंय पण. आणि मोठ्या अक्षरात काय खोटं हाय, सांगा."

हे ती स्वतःलाही रोज सांगायची, आणि रोज ते खरंच निघायचं. खोटं असतं तर पुसून तरी टाकलं असतं.

भूपाल परत जागेवर येऊन जेवू लागला. त्याच्या डावीकडं दवाखान्यातून आलेला एक जण सलाइनची बाटली खुंटीला अडकवून डाव्या हातानं खात होता. पलीकडच्याच्या एका गालावर न्हाव्यानं लावलेला फेस वाळला होता. कुणाची तक्रार नव्हती. आमटी चांगली होती.

गोदाक्काचीही तक्रार नव्हती. मागं निपाणीची थोरली बहीण शेवटची घटका मोजत होती. गोदाक्का तिच्या उशाशी जाऊन बसली, बहिणीचा हात हातात घेतला, आणि जेवणाची वेळ झाली तेव्हा त्या हातात आमटीची पळी होती. जेवणाऱ्याला खाडा नाही म्हटल्यावर वाढणारीला कुठला. बहिणीसाठी तिला अजून पोटभर रडताही आलं नव्हतं. दोन्ही वेळचं पीठ मळायचं असायचं.

"सुवर्णा आता पुण्याला सासरी जाणार," भूपाल ताटाकडं बघत म्हणाला. "हितनं जेवून निघालो तर रातच्या जेवणाला परत हितंच. मला कवा दिसायची ती?"

गोदाक्काला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

तेवढ्यात दारात नवरी उभी राहिली. मुंडावळ्या बांधलेल्या होत्या, हातात अंतरपाटाचा कोपरा होता. तो ओढतच ती आली होती, आणि त्याचं दुसरं टोक रस्त्यावरून, पुलावरून, थेट आजऱ्याकडं गेलेलं होतं.

"आप्पा, सगळे खोळंबलेत. चला."

"जेवून येतो."

"मी बी सकाळपासनं उपाशीच हाय." तिचं लक्ष फळ्याकडं गेलं. "तीस रुपयात भरपेट? एवढं स्वस्त?"

ती अजून उंबऱ्यातच होती, तरी खोली हातभर लांबली. भूपालच्या शेजारी एक ताट मांडलेलं दिसलं.

गोदाक्कानं ठरवलं. धंदा बसला तर बसू दे, पोरीला सगळं सांगायचं.

"पोरी, भरपेट ताट, फक्त तीस रुपये," ती म्हणाली, आणि तो आवाज एवढा मोठा निघाला की समोरच्या खानावळीतल्या माणसांनी माना वळवल्या. मग तिनं पुढचं सांगितलं. ते मुंगीएवढं निघालं. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. गळ्याच्या शिरा ताणून तिनं पुन्हा सांगितलं, तर ते त्याहून बारीक झालं.

"काय म्हणलासा अक्का?" सुवर्णा मायेनं तिच्याकडं वाकली.

गोदाक्कानं ताट ओढायला हात पुढं केला. हातात पळी होती, आणि पळी आमटी वाढत होती. तिनं भूपालकडं बघितलं. त्यानं सगळं वाचलं होतं, आणि त्याचा आवाज शाबूत होता.

भूपालनं मुठीतल्या अक्षता ताटाशेजारी ठेवल्या आणि थोडं सरकून जागा केली.

"बस, बाळ," तो म्हणाला.

सुवर्णानं अंतरपाटाचा कोपरा गुडघ्याखाली दाबला, भाकरी मोडली आणि तुकडा आमटीत बुडवला. बाहेर रस्त्यावर अंतरपाट ताठ झाला. पलीकडून कुणीतरी तो ओढत होतं. गोदाक्का बोलतच होती.