रायफल दारातच उघडायची

स्टॉफरांच्या शिकारीच्या केबिनमध्ये एकच कायदा चालायचा, आणि तो पॅपचा, म्हणजे मार्नीच्या आजोबांचा, होता. रायफल दारातच उघडायची. बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर सरकवणारा दांडा, मागे ओढायचा, सगळ्यांना रिकामी दाखवायची, मगच उंबरा ओलांडायचा. भरलेली निघाली तर ती ज्याने दारापर्यंत आणली त्याचा दोष. आधी कोणी भरली, कोणी झाडली, हे विचारायचंच नाही. त्याच्या शर्टाची पाठ कात्रीने कापून भिंतीवर ठोकायची, बंदूक काढून घ्यायची, आणि त्याने पुन्हा कधी त्या टेबलाशी जेवायला बसायचं नाही.

भिंतीवर एकच तुकडा होता, निळ्या चौकड्यांचा, विटून राखाडी झालेला. मार्नीच्या डॅडचा. तो सोळा वर्षांचा असताना त्याने आणलेल्या रायफलीतून काडतूस निघालं, आणि त्याच्या सख्ख्या बापाने, म्हणजे पॅपनी, पाहुण्यांसमोर त्याचा शर्ट कापला. त्यानंतर लाईल स्टॉफरने बंदुकीला हात लावला नाही. तो शाळेची बस चालवतो. शिकारीचा हंगाम आला की गावातले लोक विचारतात, काय लाईल, यंदा हरीण बसखाली घेणार का? तो हसतो. मार्नीला ते हसू बघवत नाही.

म्हणून तर तिने उन्हाळाभर बंदूक सुरक्षेचा कोर्स केला, त्यात पहिली आली आणि परवाना खिशात घालून थेट पॅपसमोर उभी राहिली. पॅप म्हणाले होते, पहिल्याच दिवशी हरीण पाडलंस तर माझी रायफल तुझी. पॅपच्या वडिलांची रायफल, अक्रोडाच्या दस्त्याची! मार्नीला ती इतकी हवी होती की झोपेतही तिला तिच्या तेलाचा वास यायचा. ती खांद्याला लावून गावाच्या मुख्य रस्त्यावरून डॅडच्या शेजारून चालायचं, मग बघू कोण हसतंय.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी डॅडने तिला केबिनपाशी सोडलं. तो स्वतः गाडीतून उतरला नाही.

"दारातच उघड," एवढंच म्हणाला.

"डॅड, मी कोर्समध्ये पहिली आलेय."

"मीही आलो होतो."

पाईनच्या झाडीत पॅपनी आपली रायफल हातात देऊन तिला बुंध्याला टेकवून बसवलं. बोटं बधिर झाली, नाक गळायला लागलं, पण पुसायची सोय नव्हती. सरळ बस, हलू नकोस, पॅप कानाशी पुटपुटत राहिले. मग ओढ्यापलीकडून शिंगवाला नर बाहेर आला, मान वर करून थांबला, आणि मार्नीने गोळी झाडली. नर गुडघ्यांवर कोसळला. कोर्समध्ये शिकवलं होतं तसा तिच्या हाताने आपसूक बोल्ट ओढला आणि दुसरं काडतूस आत सरकवलं, कारण जखमी जनावर उठून पळू शकतं. हे उठलं नाही. तिने रायफल पॅपच्या हातात कोंबली आणि बर्फातून ओरडत खाली धावली.

पॅप धापा टाकत आले. पहिल्या शिकारीची खूण म्हणून हरणाच्या रक्तात बोटं बुडवून त्यांनी तिच्या दोन्ही गालांवर ओढली.

"चला," ते म्हणाले, "पोरगी बापावर गेली नाही."

मार्नीला ते लागायला हवं होतं. तिला ते फार आवडलं.

गोळीचा आवाज ऐकून डॅडचा भाऊ मर्लकाका आला. तो आणि मार्नी हरीण ओढत निघाले, मागून पॅप रायफल घेऊन. दारात तपासायचं काम सगळ्यात लहान शिकाऱ्याचं, म्हणून मार्नी उंबऱ्यात उभी राहिली. मर्लकाकाची रिकामी होती. मग पॅपनी आपली पुढे केली.

"उघड. तुझीच आहे आता."

तिने बोल्ट ओढला. काडतूस जमिनीवर पडलं आणि गडगडत चुलीपर्यंत गेलं.

त्याच क्षणी तिला आठवलं. आपला हात, तो बोल्ट, सगळं.

पॅप काडतुसाकडे बघत राहिले. हल्ली ते विसरायचे. मागच्या महिन्यात गाडी चालू ठेवून चर्चमध्ये जाऊन बसले होते.

"मी?" ते म्हणाले.

एक वाक्य बोलायचं होतं. कायद्याने दोष पॅपचाच होता, तरी तिला वाटलं, ते बोललं की रायफल गेली, आणि आपला शर्ट डॅडच्या शेजारी लागला. मार्नीने तोंड उघडलं नाही.

"कायदा तुमचाच आहे, पॅप," मर्लकाका म्हणाला. हा कायदा पॅपवरच उलटायची किती वर्षं वाट बघितली असेल त्याने, कोण जाणे. "कात्री कुठे असते तेही तुम्हालाच माहीत."

पॅपनी कात्री काढून मार्नीच्या हातात दिली आणि पाठ केली. शर्ट जाड होता, कात्री बोथट. तिला करवतीसारखी चालवावी लागली. कातडी कापू नकोस, हरीण तिकडे आहे, मर्लकाका खिदळला. मार्नीही हसली. पॅपचे खांदे थरथरत होते.

"सरळ उभे राहा ना," ती म्हणाली. "हलू नका."

तिने तुकडा निळ्या चौकड्यांशेजारी ठोकला, खिळा पहिल्याच फटक्यात भिंतीत. मग दोघांनी टेबलाशी बसून हरणाची कलेजी कांद्याबरोबर परतून खाल्ली. पॅपची ताटली मर्लकाकाने बाहेर पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवली.

ऊन उतरताना डॅड आला. बापाला कुडकुडताना बघून त्याने आपला कोट काढून त्यांच्या अंगावर टाकला. मग तो दारापर्यंत आला आणि भिंतीवरचे दोन्ही तुकडे बघत राहिला.

"गोळी झाडल्यावर बोल्ट कोणी ओढला?" त्याने विचारलं.

"पॅपनी," मार्नी म्हणाली.

"माझ्या वेळी हरीण पॅपनी पाडलं होतं. बोल्ट त्यांनीच ओढला होता, मी बघितलं होतं. मी नुसती रायफल वाहून आणली." तो तिच्या गालावरच्या वाळलेल्या रक्ताकडे बघत होता. "त्यांनीही तेव्हा असंच, डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, बोल्ट मी ओढलाच नाही. चल, गाडीत बस."

पॅप पुढे बसले, मार्नी मागे. मांडीवर तिची रायफल, बोल्ट उघडा, आत काही नाही. पॅप हात मागे नेऊन फाटक्या शर्टाची कड चाचपत होते.

"लाईल," शेवटी ते म्हणाले, "मला आठवत नाही रे. मी ओढला असेन का बोल्ट?"

डॅडने आरशातून मार्नीकडे बघितलं. तिला बोलायला पुरेसा वेळ दिला. तिने मान खाली घालून दस्त्यावरून बोट फिरवलं.

"हो, पॅप," तो म्हणाला. "तुम्हीच ओढलात."