अकरा मासे

अर्जाच्या सातव्या रकान्यापाशी आगाफियाचा हात अडला. 'बंदीपूर्वी दर घरी वर्षाला किती सॅमन मासे लागत? आधीच्या सर्वेक्षणाचा आकडा द्यावा.'

ते सर्वेक्षण तिचंच. ग्रामपरिषदेच्या कचेरीतून दर हिवाळ्याच्या तोंडाशी ती वही घेऊन दारोदार जायची. लोक चहा द्यायचे, कडक बिस्किटं पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "मिळाले थोडे. पुरले." बाहेर काठ्यांवर लाल माशांच्या ओळी धुरात वाळत असायच्या, नदीनंच अंगणात येऊन स्वतःला टांगून घेतल्यासारख्या. पण मोठा आकडा कुणी तोंडातून काढायचं नाही. मासा ऐकतो, फुशारकी मारणाऱ्याच्या नदीकडे पुढच्या वर्षी तो फिरकत नाही. लोक जे सांगत ते आगाफिया लिहून घेई. घरामागे सरासरी अकरा.

आता त्या अकरावर गाव अडलं होतं. त्यांच्या नदीत समुद्रातून किती मासे चढून येतात हे कुणी मोजलंच नव्हतं. सरकार लांबच्या एका नदीचा आकडा धरून इथली जाळी बंद ठेवत होतं, सलग तीन उन्हाळे. स्वतःची मोजणी करायची तर सरकारी निधी हवा, आणि निधी मिळायचा माशांवरच जगणाऱ्या गावांना. हा अर्ज त्याच निधीसाठी होता. अकरा माशांवर कोण जगतं?

ती एवॉनमामाकडे गेली. म्हातारा चुलीजवळ जाळं विणत बसला होता.

"मामा, बंदीच्या आधी तुमच्याकडे खरे किती मासे असायचे?"

"लिहिलंयस की तू. अकरा."

"काठ्या वाकायच्या तुमच्या."

"काठ्या जुन्या होत्या."

मामी मात्रोना कोपऱ्यातून म्हणाली, "आणि मी महिनाभर सुरी घेऊन बसायची ती अकरा मासे कापायला? एवढी का मी मंद?"

मामा हसला नाही. "असं बोलू नये, आगाफिया. मासे ऐकतात."

"ऐकायला आहेत कुठे, मामा?"

मामानं जाळं खाली ठेवलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि घरातलं मरण सांगावं तशा आवाजात सांगितलं, "एकशे साठ. त्यातले चाळीस थोरल्या बहिणीला. वीस गावातल्या तीन विधवांना."

मग उठून त्यानं कोट चढवला. "चल. मी आकडा सांगितला हे कळल्याशिवाय बाकीचे तोंड उघडायचे नाहीत."

तीन दिवस दोघं बर्फातून बावीस घरं फिरली. प्रत्येक घरी तोच खाली गेलेला आवाज. कुणी दार लावून घेऊन सांगितलं. एका आजीनं सांगितलं आणि डोळे पुसले.

चौथ्या दिवशी आगाफियानं शहरातल्या निधी कार्यालयात फोन लावला. तिकडची बाई सभ्यपणे म्हणाली, "म्हणजे तुमचं आधीचं सर्वेक्षण चुकीचं होतं?"

"चुकीचं नाही. आमच्यात आकडा सांगत नाहीत."

"समजतं मला. पण अर्जाच्या तोंडावर बदललेला आकडा तपासणारे मानत नाहीत. नोंदीत आहे तोच भरा. दोन आकडे दिसले तर अर्ज वाचणारसुद्धा नाहीत."

मामा शेजारी उभा होता. फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "घेतला का आपला आकडा?"

"नाही."

आयुष्यभर जपलेलं तोंड बावीस घरांनी उघडलं होतं.

"अकरावर मिळेल?"

"नाही मिळायचं, मामा."

"तरी पाठव," तो म्हणाला. "मोजणी मागितलीच नाही, गप्प बसलो, असं तरी कुणी म्हणायला नको."

आगाफियानं रकान्यात अकरा लिहिलं. शेवटच्या पानावर छापलं होतं, 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.' तिनं त्याखाली सही केली, आणि मामाला बसायला खुर्ची ओढून दिली.